गर्दीत उष्ण, एकटे असताना थंड: पेरोव्स्काइटमधील प्रभारवाहक

पेरोव्स्काइट सौरघटांची चर्चा निघाली की एक वाक्य हल्ली हमखास ऐकू येते. या पदार्थात उष्ण वाहक, म्हणजे प्रकाशाकडून जादा ऊर्जा मिळालेले प्रभारवाहक, दीर्घकाळ टिकतात, आणि म्हणून आज ना उद्या त्यांच्या आधारे सौरघटांची सैद्धांतिक कमाल मर्यादा ओलांडता येईल, असे ते वाक्य असते. त्याचा पूर्वार्ध चुकीचा नाही. मात्र त्याला एक अट चिकटलेली आहे, वाहकांची प्रचंड गर्दी असण्याची, आणि ती अट बातम्यांत सोडाच, शोधनिबंधांच्या गोषवाऱ्यांतही पुष्कळदा ओझरती येते. अतिजलद वर्णपटमापन, म्हणजे पदार्थाचे प्रकाशशोषण अत्यल्प काळात कसे बदलते ते मोजणे, हेच रोजचे काम असल्यामुळे मला ही अट मूळ दाव्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते, आणि हा लेख मुख्यतः तिच्याविषयी आहे.

पदार्थाची ओळख थोडक्यात करून देतो. पेरोव्स्काइट हे मूळचे एका खनिजाचे नाव. गुस्ताव्ह रोझे यांनी १८३९ साली उरल पर्वतातून आलेल्या कॅल्शियम टायटनेटच्या नमुन्याचे वर्णन केले आणि लेव्ह पेरोव्स्की या रशियन खनिजसंग्राहकाचे नाव त्याला दिले. सौरघटांत वापरला जाणारा पेरोव्स्काइट या खनिजाशी केवळ स्फटिकरचनेचे नाते सांगतो. शिसे आणि आयोडीन किंवा ब्रोमीन यांच्या अष्टफलकांची, कोपऱ्याला कोपरा जोडून तयार झालेली चौकट, आणि त्या चौकटीच्या पोकळीत मिथिलअमोनियम, फॉर्मामिडिनियम किंवा सिझियम यांपैकी एखादा धन आयन, अशी ही रचना असते. जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने २००९ साली असा पदार्थ सौरघटात प्रथम वापरला तेव्हा कार्यक्षमता ३.८ टक्के मिळाली होती. आज प्रयोगशाळेतील लहान घट २६ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. ही प्रगती उष्ण वाहकांमुळे झालेली नाही. ती थंड झालेल्या वाहकांच्या जोरावर झाली आहे, आणि पुढचे सगळे वाचताना हे ध्यानात ठेवावे.

आता प्रकाश शोषला गेल्यावर नेमके काय घडते ते पाहू. मिथिलअमोनियम लेड (शिसे) आयोडाइडचा बँडगॅप, म्हणजे बद्ध इलेक्ट्रॉनांचा संयुजा पट्ट आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा वहन पट्ट यांच्यातील ऊर्जेचे अंतर, सुमारे १.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या जांभळ्या प्रकाशाचा एक फोटॉन ३.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा घेऊन येतो. त्यातील १.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट इलेक्ट्रॉनला संयुजा पट्टातून वहन पट्टात नेण्यात खर्ची पडतात आणि उरलेले १.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट हा इलेक्ट्रॉन व त्याने मागे सोडलेले होल (धन प्रभारासारखी वागणारी रिकामी जागा) यांच्या वाट्याला गतिज ऊर्जा म्हणून येतात. या पदार्थात दोघांची परिणामी वस्तुमाने (स्फटिकात धावताना जाणवणारी वस्तुमाने) जवळपास सारखीच असल्याने वाटणीही जवळपास निम्मी-निम्मी होते, म्हणजे प्रत्येकी पाऊण इलेक्ट्रॉनव्होल्ट. वायूतील रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचे सूत्र लावून हीच ऊर्जा तापमानाच्या भाषेत मांडली तर आकडा सुमारे ५,८०० केल्विन येतो. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमानही जवळजवळ तेवढेच आहे, पण तो निव्वळ योगायोग. त्यात काही गूढ शोधू नये. ज्या स्फटिकात हा इलेक्ट्रॉन धावत असतो तो मात्र खोलीच्या तापमानाला, ३०० केल्विनलाच असतो.

इथे एक सूक्ष्म पण निर्णायक बाब आहे. एकट्या इलेक्ट्रॉनला तापमान नसते, त्याला फक्त ऊर्जा असते. अनेक कणांमध्ये ऊर्जेची विशिष्ट प्रकारे वाटणी झाली की मगच त्या समूहाला तापमान आहे असे म्हणता येते. लेसरच्या स्पंदाने एकाच वेळी असंख्य इलेक्ट्रॉन वर फेकले जातात तेव्हा पहिल्या क्षणी ते सगळे जवळपास एकाच ऊर्जेवर असतात. मग ते एकमेकांवर आदळून ऊर्जेची देवाणघेवाण करतात आणि काहींकडे जास्त, बऱ्याच जणांकडे कमी अशी परिचित घसरती वाटणी तयार होते. केंब्रिज आणि मिलान येथील गटांनी २०१७ साली द्विमितीय इलेक्ट्रॉनिक वर्णपटमापनाने या टप्प्याचा कालावधी मोजला. वाहकांची घनता आणि त्यांची ऊर्जा यांनुसार तो १० फेमटोसेकंदांहूनही कमी ते ८५ फेमटोसेकंद इतका आढळला. एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक हजार अब्जांश भागाचा आणखी एक हजारावा हिस्सा. एवढ्या वेळात प्रकाश मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाएवढेच अंतर कापतो.

या टप्प्यात ऊर्जा वाहकांच्या समूहातच राहते, फक्त तिची फेरवाटणी होते. ऊर्जा समूहाबाहेर जाण्याची, म्हणजे खऱ्या अर्थाने थंड होण्याची क्रिया यानंतर ठळक होते आणि ती स्फटिकजालकाच्या कंपनांमार्फत चालते. शिसे-आयोडीनची चौकट आयनिक असल्यामुळे धावणारा इलेक्ट्रॉन आपल्या विद्युत क्षेत्राने आजूबाजूचे धन आणि ऋण आयन विरुद्ध दिशांना ढकलतो आणि अनुदैर्ध्य प्रकाशीय फोनॉन, म्हणजे अशा कंपनांचे ऊर्जापुंज, निर्माण करत ऊर्जा गमावतो. या आंतरक्रियेला भौतिकशास्त्रज्ञ फ्रोलिख यांचे नाव आहे. ऑक्सफर्डमध्ये लॉरा हर्झ यांच्या गटाने २०१६ साली प्रकाशदीप्तीच्या रेषारुंदीवरून, म्हणजे पदार्थाने परत सोडलेला प्रकाश किती ऊर्जांवर पसरला आहे त्यावरून, काढलेल्या हिशेबानुसार मिथिलअमोनियम लेड आयोडाइडमधील अशा एका फोनॉनची ऊर्जा ११.५ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. गॅलियम आर्सेनाइड या जुन्या आणि कसून अभ्यासलेल्या अर्धवाहकात हाच आकडा ३६ आहे. पाऊण इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा गमावण्यासाठी गॅलियम आर्सेनाइडमध्ये एकविसेक फोनॉन सोडावे लागतात, तर पेरोव्स्काइटमध्ये पासष्ट. शिसे आणि आयोडीन हे दोन्ही जड अणू, त्यांच्यातील बंध मऊ, त्यामुळे कंपने संथ आणि प्रत्येक कंपनाची ऊर्जा अल्प.

तरीही वाहकांची संख्या कमी असताना हे सर्व पासष्ट फोनॉन सुमारे एका पिकोसेकंदाच्या (एक हजार फेमटोसेकंदांच्या) आतच बाहेर पडतात, असे मोजमापे सांगतात. हा आकडा पाहिला की मी नेहमी थोडा थबकतो. ११.५ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या कंपनाचे एक आवर्तन पूर्ण व्हायलाच सुमारे ३६० फेमटोसेकंद लागतात. म्हणजे जालकाची दोन-तीन आवर्तने होईपर्यंत इलेक्ट्रॉनने पासष्ट फोनॉन सोडलेले असतात. पायरी-पायरीने उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनचे जे चित्र पाठ्यपुस्तकांत असते ते या पदार्थात किती शब्दशः घ्यावे याविषयी मला शंका आहे. जालक मऊ आहे, त्याची कंपने साध्या स्प्रिंगसारखी नियमित नाहीत, आणि इलेक्ट्रॉनने विकृत केलेले जालक सावरण्याआधीच तो पुढे निघून गेलेला असतो. हिशेबासाठी फोनॉन मोजणे सोयीचे आहे, एवढेच.

हे सगळे मोजतात कसे, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. टायटेनियम-सफायर लेसरमधून ८०० नॅनोमीटरचे, शंभर फेमटोसेकंदांहून कमी लांबीचे स्पंद निघतात. त्यातील एका भागाची वारंवारता स्फटिकात दुप्पट करून ४०० नॅनोमीटरचा पंप स्पंद बनवतात; दुसरा, अगदी क्षीण भाग सफायरच्या चकतीवर केंद्रित केला की त्यातून सगळ्या रंगांचा पांढरा प्रोब स्पंद निघतो. पंप नमुन्याला उद्दीपित करतो आणि प्रोब किंचित उशिरा पोहोचून नमुना कोणत्या रंगाचा किती प्रकाश शोषतो ते नोंदवतो. हा उशीर कोणतेही घड्याळ ठरवत नाही. सरकत्या मंचावर आरशांची जोडी बसवलेली असते. ती दीड मायक्रोमीटर मागे सरकवली की प्रकाशाला जाऊन-येऊन तीन मायक्रोमीटर जास्त चालावे लागते आणि १० फेमटोसेकंदांचा उशीर मिळतो. दीड मायक्रोमीटर म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम चाळिसावा-पन्नासावा भाग. मंचाखालचे टेबल हवेच्या गाद्यांवर का ठेवलेले असते आणि वातानुकूलन बंद पडले की अख्खा दिवस वाया का जातो, ते यावरून कळावे.

मिळालेल्या वर्णपटात बँडगॅपच्या जागी शोषण कमी झालेले दिसते, कारण तिथल्या अवस्था आता वाहकांनी भरलेल्या असतात. वाहक उष्ण असतील तर हा पट्टा उच्च ऊर्जेच्या बाजूला लांब शेपटीसारखा पसरतो आणि ते थंड होत जातील तशी शेपटी आखडत जाते. शेपटीतील संकेताचा लॉगॅरिथम काढून ऊर्जेसमोर मांडला की जवळपास सरळ रेषा मिळते आणि तिच्या उतारावरून वाहकांचे तापमान काढतात. ऐकायला हे सुटसुटीत आहे. करताना तसे राहत नाही. शेपटीचा कोणता तुकडा निवडला यावर उत्तर शेकडो केल्विनने इकडेतिकडे होऊ शकते. वाहक दाटले की बँडगॅप स्वतःच किंचित आक्रसतो, पदार्थाचा अपवर्तनांक बदलतो आणि परावर्तनातील फरक शोषणातील फरकासारखा भासतो. शिवाय पांढऱ्या प्रोबमधले तांबडे आणि निळे रंग काचेतून येताना मागेपुढे झालेले असतात. त्याची दुरुस्ती नीट केली नाही तर काहीशे फेमटोसेकंदांची खोटी हालचाल दिसते, आणि तीही नेमकी वाहक थंड होण्याच्या काळातच. म्हणून कोणत्याही निबंधातील वाहक-तापमानाचा आलेख पाहण्याआधी मी त्याच्या पुरवणीत तो उतार कसा काढला आहे ते पाहतो.

या साधनांनी २०१५ ते २०१८ या काळात जे निष्कर्ष आले त्यांनी हे क्षेत्र ढवळून निघाले. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात असलेल्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेतील गटाने २०१६ साली दाखवले की वाहकांची घनता घन सेंटीमीटरला सुमारे ५ वर १७ शून्ये, म्हणजे अर्धा अब्ज अब्ज, या उंबरठ्यापलीकडे गेली की थंड होण्याचा वेग एकाएकी मंदावतो, आणि तोही हजार ते दहा हजार पटींनी. एका पिकोसेकंदाच्या आत संपणारी गोष्ट शेकडो पिकोसेकंद रेंगाळू लागते. केंब्रिजमधील गटाने त्याआधी, २०१५ मध्ये, अशाच प्रकारचे मंदावणे नोंदवले होते. या परिणामाला उष्ण फोनॉनची कोंडी म्हणतात.

पावसाळ्यात दांडीवर वाळत घातलेले कपडे दिवसदिवस ओले राहतात ते कपड्यांतून पाणी सुटत नाही म्हणून नव्हे. पाणी सुटतच असते, पण भोवतालची हवा आधीच इतकी दमट असते की जवळपास तेवढेच पाणी ती परत देते. उष्ण वाहकांचे असेच होते. वाहक फोनॉन सोडतातच, परंतु ते प्रकाशीय फोनॉन स्वतः फारसे हलत नाहीत. जिथे जन्मले तिथेच घुटमळतात आणि त्यांचे रूपांतर ध्वनिक फोनॉनमध्ये (ध्वनीसारख्या पसरत जाणाऱ्या कंपनांमध्ये) झाल्याशिवाय ऊर्जा लांब जाऊ शकत नाही. हे रूपांतर होण्याच्या आत शेजारच्या वाहकाने तोच फोनॉन शोषून घेतला तर समूहाच्या दृष्टीने काहीच थंड झालेले नसते. वाहक विरळ असतील तर असा शेजारी जवळ नसतो. घनता एक अब्ज अब्ज झाली की दोन वाहकांतील सरासरी अंतर अवघे दहा नॅनोमीटर उरते आणि प्रत्येकाभोवतीचे जालकाच्या विकृतीचे आवरण, ज्यासकट वाहकाला पोलेरॉन म्हणतात, दुसऱ्याच्या आवरणात घुसू लागते.

पेरोव्स्काइटमध्ये ही कोंडी इतकी ठळक का, याचे एक कारण त्याच्या उष्णतावहनात आहे. मिथिलअमोनियम लेड आयोडाइडच्या एकस्फटिकाची उष्णतावाहकता खोलीच्या तापमानाला मीटर-केल्विनला साधारण अर्धा वॅट भरते, म्हणजे पाण्यापेक्षाही किंचित कमी. सिलिकॉनची याच्या सुमारे तीनशे पट आहे. ध्वनिक फोनॉनही इथे फार दूर जाऊ शकत नाहीत, आणि सिडनीतील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या गटाने २०१७ साली मांडल्याप्रमाणे त्यांतील काही उलट दिशेने पुन्हा प्रकाशीय फोनॉनमध्ये रूपांतरित होऊन वाहकांना ऊर्जा परत करतात. जिथून उष्णता बाहेर पडायची तो दरवाजाच अरुंद आहे.

चौकटीच्या पोकळीतील धन आयनाची भूमिका काय, यावर मात्र बराच वाद झाला. कोलंबिया विद्यापीठातील झू यांच्या गटाने २०१६ साली असे नोंदवले की मिथिलअमोनियम किंवा फॉर्मामिडिनियम असलेल्या लेड ब्रोमाइडमध्ये उष्ण वाहकांची दीप्ती शंभरेक पिकोसेकंद टिकते, पण सिझियम असलेल्या त्याच चौकटीत ती दिसत नाही. कार्बनी आयन फिरू शकतो, त्याला द्विध्रुव आघूर्ण असते (प्रभार दोन टोकांना असमान वाटलेला असतो), म्हणून तो द्रवातील रेणूंसारखा वळून वाहकाभोवती संरक्षक कवच तयार करतो, असा अर्थ त्यांनी लावला. कल्पना देखणी आहे. परंतु याच गटाच्या पुढील मोजमापांत सिझियमच्या स्फटिकातही पोलेरॉन बनतात असे दिसले. फक्त त्यांना सुमारे ०.७ पिकोसेकंद लागतात आणि मिथिलअमोनियमच्या स्फटिकात ०.३. म्हणजे फरक कवच असण्या-नसण्याचा नसून शर्यतीचा आहे: वाहक थंड होण्याआधी कवच तयार होते की नंतर. मला हे दुसरे चित्र जास्त पटते, कारण त्यात शिसे-हॅलोजन चौकटीला मुख्य काम मिळते आणि पोकळीतील आयन केवळ वेळापत्रक बदलतो.

दीर्घायुषी उष्ण वाहकांच्या दाव्यांत आणखी एक गोष्ट मिसळलेली असते. घनता आणखी वाढवत नेली की तीन वाहकांची गाठ पडून एक इलेक्ट्रॉन आणि एक होल यांचे पुनर्संयोजन होते, आणि त्यातून सुटलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर न पडता तिसऱ्या वाहकाला मिळते. याला फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ओझे (Auger) यांच्या नावावरून ओझे पुनर्संयोजन म्हणतात. थंड झालेला वाहक त्यामुळे क्षणात पुन्हा उष्ण होतो. सिंगापूरच्या नान्यांग तंत्रविज्ञान विद्यापीठातील त्झे चिएन सम यांच्या गटाने २०१७ साली हे टप्पे वेगळे करून दाखवले. कमी घनतेला फ्रोलिख आंतरक्रियेने थंड होणे, मध्यम घनतेला फोनॉनची कोंडी आणि त्याहून वर ओझे तापण, म्हणजे ओझे क्रियेने वाहक पुन्हा तापणे. तेव्हा शेकडो पिकोसेकंदांनंतरही तापमान चढलेले दिसले तर ते टिकून राहिले म्हणून, की वाहकांचा बळी देऊन पुन्हा चढवले गेले म्हणून, हे विचारायला हवे. दुसऱ्या प्रकारात ऊर्जेचा लाभ काहीच नाही. निम्मे वाहक गमावून उरलेले तापवण्यासारखे ते आहे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील मारिया लोई यांच्या गटाने २०१८ मध्ये फॉर्मामिडिनियम टिन आयोडाइडमध्ये काही नॅनोसेकंद टिकणारी उष्ण दीप्ती नोंदवली तेव्हा त्यांनी स्वतःच त्यामागे पट्टाच्या काठावरील अवस्था भरून जाण्याचाही हात असल्याचे सांगितले. तो निबंध मला या कारणासाठी प्रामाणिक वाटतो.

आता त्या अटीकडे वळतो. वरील सर्व दीर्घायुष्य अब्ज अब्जाच्या आसपासच्या घनतेचे आहे. प्रत्यक्ष उन्हात ठेवलेल्या घटात घनता किती असते, हा हिशेब कागदाच्या पाठीमागे करता येण्याजोगा आहे. चांगला पेरोव्स्काइट घट चौरस सेंटीमीटरला सुमारे २५ मिलीअँपिअर प्रवाह देतो, म्हणजे दर सेकंदाला चौरस सेंटीमीटरवर साधारण दीड लाख हजार अब्ज फोटॉन कामी येतात. थराची जाडी ५०० नॅनोमीटर धरली आणि वाहकांचे आयुष्य एक मायक्रोसेकंद धरले तर घन सेंटीमीटरमध्ये कोणत्याही क्षणी सुमारे तीस लाख अब्ज वाहक असतात. कोंडीच्या उंबरठ्यापेक्षा हे दीडशेहून अधिक पटींनी कमी. पण हे वाहक थंड झालेले आहेत. ते गणतीत धरून उपयोग नाही. उष्ण वाहकांचे आयुष्य एक पिकोसेकंद असल्याने त्यांची संख्या आणखी दहा लाख पटींनी कमी, म्हणजे घन सेंटीमीटरला जेमतेम तीन अब्ज भरते. उंबरठ्याच्या तुलनेत ही कमतरता सोळा कोटी पटींची आहे.

अंतराच्या भाषेत सांगायचे तर उन्हात तापलेल्या दोन वाहकांमधील सरासरी अंतर सात मायक्रोमीटर येते, आणि ज्या थरात ते राहतात तो थरच अर्धा मायक्रोमीटर जाड आहे. अशा वाहकाला दुसरा उष्ण वाहक भेटतच नाही. त्याने सोडलेला फोनॉन शोषायला शेजारी कोणी नाही, आणि त्याचे स्वतःचे असे तापमानही नाही, कारण ज्या समूहाचे तापमान म्हणावे तो समूहच अस्तित्वात नाही. भिंगांनी ऊन हजार पट एकवटले तरी हजार पटींचाच फरक पडतो. उरलेली एक लाख साठ हजार पट तूट तशीच राहते. प्रयोगशाळेतला लेसर स्पंद एका क्षणात जी गर्दी करतो ती सूर्य कधीच करत नाही.

विल्यम शॉक्ली आणि हान्स क्वायसर यांनी १९६१ साली घालून दिलेली मर्यादा एका बँडगॅपच्या घटासाठी आजच्या सौर वर्णपटानुसार ३३ टक्क्यांच्या थोडी वर आहे. रॉस आणि नोझिक यांनी १९८२ साली दाखवले की वाहक थंड होण्याआधीच बाहेर काढता आले तर ती सैद्धांतिकदृष्ट्या ६६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: वाहक उष्ण राहणे, आणि एका अरुंद ऊर्जापट्टीतीलच वाहकांना जाऊ देणारे निवडक संपर्क. यातील दुसऱ्या गोष्टीवर काही आशादायक काम झाले आहे. नान्यांगच्याच गटाने २०१७ साली मिथिलअमोनियम लेड ब्रोमाइडच्या नॅनोस्फटिकांतून, योग्य कार्बनी थर लावून, एका पिकोसेकंदाच्या आत ८३ टक्क्यांपर्यंत उष्ण इलेक्ट्रॉन काढून घेता येतात असे दाखवले. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात लिबाई हुआंग यांच्या गटाने त्याच वर्षी अतिजलद सूक्ष्मदर्शनाने उष्ण वाहकांचा प्रवास चित्रित केला. थंड होईपर्यंत ते सुमारे ६०० नॅनोमीटर दूर जाऊ शकतात, म्हणजे घटाच्या थराची पूर्ण जाडी ओलांडू शकतात. माझ्या दृष्टीने या दोन निष्कर्षांचे मोल दीर्घायुष्याच्या आकड्यांपेक्षा जास्त आहे. वाहक उष्ण राहण्याची वाट पाहण्यापेक्षा तो थंड होण्याआधी संपर्कापर्यंत पोहोचेल एवढा पातळ थर बनवणे हा जास्त शहाणपणाचा मार्ग दिसतो. पातळ थर कमी प्रकाश शोषतो ही अडचण मात्र लगेच समोर उभी राहते.

आणि त्याच वाया जाणाऱ्या ऊर्जेवर एक साधा उपाय आधीच हाताशी आहे. सिलिकॉनमध्ये सौर ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा वाहक थंड होण्यात जातो, १.६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पेरोव्स्काइटमध्ये पाचवा. सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर ठेवला की निळा-हिरवा प्रकाश वरच्या थरात आणि तांबडा-अवरक्त खालच्या थरात वापरला जातो आणि दोन्हीकडे उरणारी जादा ऊर्जा मुळातच कमी होते. असे जोडघट ३३ टक्क्यांच्या वर गेले आहेत, उष्ण वाहकांना हात न लावता. छतावरच्या पॅनेलसाठी मला कोणी सल्ला विचारला तर मी जोडघटाकडेच बोट दाखवीन.

पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत पंकज मंडल आणि अंगशुमन नाग यांच्या गटांनी २०१६ साली सिझियम लेड ब्रोमाइडच्या नॅनोस्फटिकांवर टेराहर्ट्झ स्पंदांनी (अवरक्त आणि सूक्ष्मतरंग यांच्यामधल्या लहरींच्या स्पंदांनी) केलेले काम या संदर्भात आवर्जून आठवते. टेराहर्ट्झ प्रोब पट्टांच्या काठावरील शोषण पाहत नाही. तो वाहक किती सहज हलतात, म्हणजे विद्युतवाहकता, थेट मोजतो. त्यांना या नॅनोस्फटिकांत वाहकांची चलनशीलता अनपेक्षितपणे जास्त आढळली. उष्ण वाहक कंपनांवर जास्त वेळा आदळतात, म्हणून त्यांची चलनशीलता कमी असते आणि ते थंड होत जातात तसा टेराहर्ट्झ संकेत चढत जातो. हा चढ शेपटीच्या उतारापेक्षा अगदी वेगळ्या वाटेने थंड होण्याचा काळ सांगतो, आणि दोन वाटांनी आलेले आकडे जुळले की त्यांच्यावर विश्वास ठेवायला मन धजते. एकाच पद्धतीवर उभ्या असलेल्या मोठ्या दाव्यांच्या बाबतीत ही सोय नसते.

मग अब्ज अब्जाच्या घनतेवरचे हे सगळे संशोधन निरुपयोगी ठरते का? सौरघटापुरते पाहिले तर बरेचसे, होय. पण एक उपकरण असे आहे जे नेमके याच घनतेला चालते, ते म्हणजे लेसर. पेरोव्स्काइटच्या थरांतून उद्दीपित उत्सर्जन, म्हणजे ज्यावर लेसर चालतो ती क्रिया, मिळते हे २०१४ सालीच सिंगापूर आणि केंब्रिज येथे दाखवले गेले, आणि त्यासाठी लागणारी वाहक-घनता कोंडीच्या उंबरठ्याच्याच आसपास असते. लेसरला मात्र वाहक थंड हवे असतात. ते पट्टाच्या काठाशी एकवटले तरच त्या एका रंगाच्या प्रकाशाला पुरेशी वृद्धी मिळते, म्हणजे तो थरातून जाताना तीव्र होत जातो. उष्ण असताना ते वरच्या ऊर्जांवर विखुरलेले असतात आणि वृद्धी उशिरा सुरू होते. सौरघटवाल्यांना जी कोंडी वरदान वाटली ती इथे अडथळा आहे, आणि इथे ती खरोखरच हजर असते. पंपाची तरंगलांबी ४०० ऐवजी ७०० नॅनोमीटर केली तर प्रत्येक इलेक्ट्रॉन-होल जोडीची जादा ऊर्जा १.५ वरून ०.१७ इलेक्ट्रॉनव्होल्टवर येते, जवळपास नऊ दशांश घट. दोन्ही पंपांनी वाहकांची घनता तंतोतंत सारखी ठेवून वृद्धी सुरू होण्याचा क्षण मोजला तर कोंडीचा वाटा किती आणि ओझे तापणीचा किती हे वेगळे करता यायला हवे, कारण ओझे क्रियेला वाहक कोणत्या रंगाने निर्माण झाले याच्याशी फारसे देणेघेणे नसते. माझ्या टेबलावर सध्या याच मोजमापाची जुळवाजुळव चालू आहे. ७०० नॅनोमीटरला शोषण बरेच कमी असल्याने दोन्हीकडची घनता सारखी राखणे हेच त्यातले सर्वांत किचकट काम आहे.